माझ्याकडे चालतं

या, असे जवळ या. भिंतीला टेकलेल्यांनीही जरा पुढे सरका, म्हणजे मला ओरडावं लागणार नाही. ओरडणारी माणसं गोष्टीत पुष्कळ आहेत. गोष्ट सांगतो ती लांबलचक नाही आणि गोड तर मुळीच नाही. रागाची आहे. एका बाईचा राग तीन दिवस दारोदार हिंडला, भेटेल त्याला चावला, आणि ज्या घरातून निघाला होता त्याच घराच्या उंबऱ्यावर येऊन बसला. आणि हे सगळं एका ओळीपायी. ओळ होती म्हणून नव्हे बरं का. ओळ नव्हती म्हणून.

त्या बाईला सगळे टाचणी म्हणत. बारशाला कुणी असं नाव ठेवत नाही, हे तिने कामातून कमावलेलं. अंगाने बारीक, बोलायला टोकदार, आणि दुसऱ्याच्या कामात चूक सापडली की तिथल्या तिथे टोचून, चारचौघांना दिसेल अशी लावून ठेवायची. वय अठ्ठेचाळीस. सकाळी एका शाळेत मुलींना संगणक शिकवायची, आणि दुपारी घरी येऊन, हातपाय धुऊन, खिडकीजवळच्या टेबलाशी बसली की तिचं खरं काम सुरू व्हायचं. त्या कामाचा पगार कुणी देत नव्हतं. पण पगारी कामात तिला कुणी एवढं घाबरतही नव्हतं.

आता ते काम काय, ते सांगतो. तुमच्या-माझ्या संगणकावर प्रोग्रॅम येतो तो ताटात वाढून येतो. आपण बसायचं आणि जेवायचं. या मंडळींची प्रणाली निराळी. तिथे शिजवलेलं कुणी देत नाही. मूळ कोड मिळतो, म्हणजे कोरडा शिधा, आणि सोबत एक चिठ्ठी: आधी काय हवं, मग काय, किती वेळ ठेवायचं, कधी उतरवायचं. ज्याने त्याने आपल्या घरी, आपल्या मशीनवर रांधून घ्यायचं. वेळ लागतो, पंखा घरघरतो, खोली तापते. पण जे होतं ते आपल्या हातचं. या साऱ्या चिठ्ठ्या जिथे ठेवलेल्या असत तिला ते कोठी म्हणत, आणि कोठीची किल्ली ज्या गृहस्थांकडे होती त्यांना कुलूपकाका.

एक गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागेल. चिठ्ठी लिहिणारा आपल्या घरी असतो. रांधणारा दुसरीकडेच असतो.

टाचणीकडे सांध्यांच्या चिठ्ठ्या होत्या. मशीनच्या तळाशी जुनी, कठीण भाषेत लिहिलेली इंजिनं असतात. एक चित्रं काढतं, एक आवाज काढतं, एक नकाशे वाचतं. वर असते स्क्रिप्टची भाषा, सोपी, चार ओळींत काम सांगता येईल अशी. या दोघींना एकमेकींचं बोलणं कळत नाही. सासू-सुनेचा अबोला असला की मधल्या जावेला निरोप पोचवत दिवसभर या खोलीतून त्या खोलीत ये-जा करावी लागते ना, ती जी जाऊ, तिला ही मंडळी बाइंडिंग म्हणत. टाचणी तिला सांधा म्हणायची. असे एकशे सत्तेचाळीस सांधे तिने सांभाळले होते, आणि त्यांतला एक तिने कुणासाठी नाही, घरच्यासाठी बसवला होता.

घरात होता दादा. तिचा थोरला भाऊ. अकरा वर्षांपूर्वी त्याची नजर गेली. पहिले सहा महिने तो भिंतीकडे तोंड करून पडून होता. तेव्हा टाचणीने आवाजाचं इंजिन स्वतःच्या हाताने मशीनवर चढवलं, आणि मशीन दादाला वाचून दाखवू लागलं. पुढे तिने सांधा बसवला, तेव्हा दादा स्वतः चार-चार ओळींच्या स्क्रिप्ट लिहू लागला. बातम्या वाच पण जाहिराती गाळ. पत्र आलं तर आधी कुणाचं ते सांग. बहिणीचं असलं तर आवाज वाढव. "तू लिहितेस पण ओरडूनच," म्हणायचा.

आणि आता अकरा वर्षांनी दादाला काम मिळालं होतं. गावातल्या सार्वजनिक वाचनालयाने तळमजल्यावरची एक खोली न दिसणाऱ्या वाचकांसाठी राखली होती. सहा मशिनं, सहा खुर्च्या, भिंतीलगत धरून चालायला लाकडी कठडा. खोली चालवायची दादाने. तो दोनदा जाऊन हाताने सगळं चाचपून आला होता. कुठली खुर्ची डुगडुगते हेही त्याला पाठ झालं होतं. सोमवारी सकाळी दहाला दार उघडायचं होतं. दादाने शर्ट आधीच्या सोमवारपासून इस्त्री करून दाराच्या मागे टांगला होता.

गुरुवारी दुपारी अडीचला वाचनालयाच्या तंत्रज्ञाचा फोन आला.

"मॅडम, मशिनं मुकी आहेत."

"कुठलं मशीन?"

"सहाच्या सहा. रांधून झाली, एक चूक दाखवली नाही, शेवटी सर्व ठीक असंही लिहिलं. पण बोलत नाहीत."

"आवाजाचं इंजिन चढवलंत का?"

"यादीत आहे, चढलंय. तुमचा सांधाही चढलाय. दोघं शेजारी शेजारी बसलीत, पण ओळख दाखवत नाहीत."

टाचणीचं डोकं तिथेच तापलं. हा सांधा तिच्या हातचा. आपल्या कामात कोरभर काही राहून गेलं असेल हे तिच्या मनातही आलं नाही.

"तुमच्या यादीत घोळ असणार. यादी कुणी केली?"

"मीच."

"मग तिथेच बघा. माझ्याकडे चालतं."

तंत्रज्ञ सावकाश बोलणारा, सौम्य माणूस होता. अशी माणसं टोचली की जास्त लागतं. "तुमच्याकडे चालत असेल हो," तो म्हणाला. "दालन माझ्याकडे आहे."

तिने त्याला सांगितलं, हाताने सांधा पुन्हा एकदा रांधा. पंधरा मिनिटांनी त्याने कळवलं: पुन्हा रांधला, बोलायला लागला. टाचणीला वाटलं, संपलं. पण तो पुढे म्हणाला, "याचा उपयोग नाही. आमच्याकडे दर रविवारी सगळी मशिनं पुसून, कोऱ्या पाटीवर, यादीबरहुकूम पुन्हा उभी राहतात. हाताने केलेलं रविवारी जाणार. सोमवारी पुन्हा मुकी."

"मग या रविवारी पुसू नका."

"त्याला वरून लेखी लागतं. वरचे रजेवर आहेत."

"कधीपर्यंत?"

"ते त्यांनी लेखी दिलेलं नाही."

फोन ठेवला तेव्हा टाचणीला दोष कळून चुकला होता. सांधा रांधताना आधी घरात नजर फिरवतो: आवाजाचं इंजिन आहे का? असलं तर त्याच्याशी गाठ मारतो. नसलं तर तक्रार करत नाही, अडून बसत नाही. गपचूप बिनआवाजाचा तयार होतो आणि सर्व ठीक असं सांगून मोकळा. म्हणून चिठ्ठीत एक ओळ असावी लागते: आधी इंजिन, मग सांधा. ती ओळ नसली की कोण आधी आणि कोण मागून, हे मशीन आपल्या मर्जीने ठरवतं. वाचनालयात सांधा आधी आला, इंजिन मागून. वरात मांडवात पोचली तेव्हा नवरी निघून गेलेली.

कोठीच्या मंडळींत या दोषाइतका लाजिरवाणा दोष दुसरा नव्हता. आणि त्याविरुद्ध सगळ्यांत जास्त आरडाओरडा कुणी केला होता? टाचणीनेच. नियमांच्या पुस्तकात तिच्याच हातचं वाक्य होतं: 'लागतं ते लिहा. आपल्या घरात पडलेलं दुसऱ्याच्या घरात असेलच असं धरून चालू नका.' वीस-बावीस जणांना तिने या एका वाक्याने रडवलं होतं.

मग ही ओळ काढली कुणी?

तिला क्षणात उत्तर सुचलं. कुलूपकाका. गेल्या वर्षी त्यांनी कोठीची साफसफाई काढली होती, शेकडो चिठ्ठ्यांतल्या 'अनावश्यक' ओळी उडवल्या होत्या. त्यात ही गेली. दुसरं काय.

"म्हातारा माझ्या चिठ्ठीला हात लावतो," ती स्वयंपाकघरात भांडी आपटत म्हणाली, "आणि विचारत नाही."

"भांड्यांनी काय केलंय?" दादाने बाहेरून विचारलं.

"तू गप्प बस. सोमवारचं बघ."

"सोमवारचंच ऐकतोय. मघा फोनवर त्या माणसावर ओरडलीस ना, तेही ऐकलं."

शुक्रवारी शाळेतून आल्याबरोबर ती टेबलाशी बसली. कुलूपकाकांना लिहायचं पत्र डोक्यात पक्कं झालं होतं, एकेक शब्द घासून धारेला लावलेला. फक्त पुरावा हवा होता. कोठीत प्रत्येक चिठ्ठीचा इतिहास असतो; कुणी, कधी, कुठली ओळ घातली वा काढली ते सगळं. जिना उतरावा तशी ती एकेक पायरी मागे गेली. गेल्या वर्षीची साफसफाई: काकांनी एक मोकळी जागा काढली होती, बाकी काही नाही. त्याच्या खाली, तिनेच आकडा बदललेला. त्याच्या खाली, कुणीतरी शुद्धलेखन सुधारलेलं. आणखी खाली. आणखी. ओळ कुठेच नव्हती. कुणी काढली नव्हती, कारण कुणी घातलीच नव्हती. सगळ्यांत खालची पायरी, सहा वर्षांपूर्वीची: 'नवी चिठ्ठी.' आणि पुढे लिहिणाऱ्याचं नाव. तिचं.

राग ही वस्तू देवाघरचीच आहे, उगाच तिला नावं ठेवू नये. अन्यायापुढे माणूस ताठ उभा राहतो तो तिच्याच बळावर. पण रागाचंही एक असतं. तो बहिरा असतो. टाचणीने नाव वाचलं, आणि तरीही तिचा हात पत्राकडेच गेला. एवढं धारेला लावलेलं हत्यार म्यानात घालायचं कसं? तिने पत्राच्या चार ओळी लिहून खोडल्या, आणि थेट काकांना फोन लावला.

"काका, कोठी उघडा. एक ओळ घालायची आहे."

"टाचणे, नव्या आवृत्तीसाठी बुधवारी कोठीला कुलूप लागलं. आता दहा दिवस मुंगीसुद्धा आत जाणार नाही." काकांचा आवाज चघळत बोलावं तसा. सत्तरीचा माणूस, सोळा वर्षं किल्ली सांभाळणारा.

"एक ओळ आहे. सहा मशिनं मुकी आहेत. माझ्या भावाची खोली सोमवारी उघडायची आहे."

"तुझा भाऊ मला भावासारखा. पण दर कुलपाच्या दुसऱ्या दिवशी मला एक भाऊ, दोन मेव्हणे आणि कुणाच्या तरी साडूचे फोन येतात. अपवादाचा नियम ठाऊक आहे ना?"

"मला नियम शिकवू नका."

"कसा शिकवीन? तूच लिहिलायस. कुलपाआधी आलेली तक्रार असेल तरच दुरुस्ती आत. तक्रार दाखव, कुलूप काढतो. नसेल तर दहा दिवसांनी ये, पेढे घेऊन."

"सहा वर्षांत माझ्या सांध्यांवर एक तक्रार उघडी राहिलेली नाही."

"तेच तर," काका म्हणाले. "आता त्याचाच खोळंबा झालाय बघ."

तिने फोन जवळजवळ फेकलाच. म्हातारा हसत होता, याची तिला खात्री होती. तक्रारींच्या वहीत तिने शोध घेतला. नुसतं सांध्याचं नाव आणि 'आवाज'. काही निघणार नाही हे माहीत असून, काकांना एकदा तोंडावर सांगता यावं म्हणून.

एक नोंद निघाली. चार वर्षांपूर्वीची. बंद केलेली.

नाव होतं 'निवृत्त टंकलेखिका'. लिहिलं होतं:

'नमस्कार. चिठ्ठीत सांगितल्याप्रमाणे सर्व केले. मशीन सर्व ठीक म्हणते आणि मग बोलत नाही. मला दिसत नाही. टाइप मी स्वतः करते, पण वाचण्यासाठी शेजारणीची वाट पाहावी लागते. कुणी लक्ष घालेल का?'

खाली उत्तर. सहा मिनिटांत दिलेलं. 'माझ्याकडे चालतं. बंद.' आणि टाचणीची खूण.

त्याच्याखाली आणखी एक नोंद, आठ दिवसांनंतरची. बंद तक्रारीवर काही आलं तर कुणाला कळत नसे. टाचणीने ती आज पहिल्यांदा वाचली.

'आपल्याकडे चालते हे शेजारणीने वाचून दाखवले. आनंद झाला. माझ्याकडे काय करावे?'

त्याखाली काही नव्हतं. चार वर्षं काही नव्हतं.

टाचणी किती वेळ बसून होती कोण जाणे. खिडकीखाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि कुणीतरी त्याला 'येऊ दे, येऊ दे' म्हणत होतं. एकाही अक्षराची चूक नव्हती त्या बाईच्या लिहिण्यात. न बघता टाइप केलेलं. टाचणीला स्वतःची ती तीन शब्दांची ओळ वाचवेना. आज आली असती अशी नोंद दुसऱ्या कुणाच्या नावावर, तर तिने त्या माणसाला सोललं असतं.

आणि तरीसुद्धा, ऐका हं, तरीसुद्धा शनिवारी सकाळी उठून तिने काय ठरवलं? माणसाचं मन कसं पळवाट शोधतं ते बघा. जुनी तक्रार पुन्हा उघडली की कोठीतल्या साडेतीनशे माणसांकडे पत्र जातं, सगळ्या नोंदींसकट. ज्यांना ज्यांना तिने टोचलं होतं ते सगळे ते वाचणार. तिला एक वेगळी वाट दिसली. फोनवरून आलेली तक्रार नोंदवताना तारीख हाताने घालता येते.

दादा बाल्कनीच्या दारात खुर्ची टाकून बसला होता. ती फोन हातात घेऊन आली.

"झालं काम," ती म्हणाली. "त्या तंत्रज्ञाला सांगते, तुम्ही मंगळवारी फोन केलात असं म्हणा. मंगळवारची तक्रार नोंदवते, काका कुलूप काढतात, दुपारपर्यंत ओळ आत."

"त्याने गुरुवारी केला फोन."

"दोन दिवसांनी काय आभाळ कोसळतंय?"

"आणि काल संध्याकाळी मशीन काय वाचत होतं?"

टाचणी थबकली. तिच्या लक्षात आलं नव्हतं. तिच्या टेबलावरचं मशीन आणि दादाचं मशीन एकच. ती उघडेल ते पान ते हळू आवाजात वाचायचंच. अकरा वर्षांत तिला त्या आवाजाची इतकी सवय झाली होती की तो ऐकूच येत नसे.

"मी आतल्या खोलीत होतो," दादा म्हणाला. "पूर्ण ऐकलं. तिचं पहिलं, तुझं, आणि पुन्हा तिचं. मला वाटलं, जेवताना सांगशील. नाही सांगितलंस. वाटलं, झोपण्याआधी सांगशील. आणि आता मंगळवार घेऊन आलीस."

"तुझ्यासाठीच करतेय. तुझी खोली आहे ती."

"माझं नाव पुढे करू नकोस, ठके." दादा तिला लहानपणीच्या नावाने हाक मारायचा ती बहुधा लाडाने. आज लाड नव्हता. त्याच्या हाताची बोटं खुर्चीच्या दांड्यावर पांढरी झाली होती. "अकरा वर्षं मी म्हणतोय, माझी बहीण माझ्यासाठी केवढं करते. इंजिन तुझ्या घरात होतं, कारण मी तुझ्या घरात होतो. म्हणून तुझ्याकडे चाललं. तिच्या घरात कोण होतं? शेजारीण. तीही सवडीने."

"मला काय माहीत होतं ती..."

"तिने लिहिलं होतं. मला दिसत नाही, असं लिहिलं होतं तिने. तुझ्या भावासारखी बाई तुझ्या दारात येऊन उभी राहिली, आणि तू आतूनच सांगितलंस, आमच्याकडे ठीक आहे. सहा मिनिटांत. सहा मिनिटं तर मला जिना उतरायला लागतात."

"ओरडू नकोस माझ्यावर."

"मी ओरडत नाहीये. तुझ्याकडून शिकलो असतो तर ओरडलो असतो."

दादा उठला, भिंतीला हात लावत आत गेला, आणि दाराच्या मागे टांगलेला इस्त्रीचा शर्ट घेऊन परत आला. तो त्याने तिच्या हातांवर टाकला.

"खोट्या तारखेवर ती खोली उघडणार असेल, तर हा कपाटात ठेव. मी भिंतीकडे तोंड करून पडतो. सवय आहे मला."

टाचणीला अशी चीड आली की तिला तिथेच रडू फुटलं असतं, पण चीड येऊन रडणं तिला कधी जमलं नव्हतं. तिला दादाचा राग आला, काकांचा आला, रजेवर गेलेल्या त्या वरच्यांचा आला, आणि सगळ्यांत जास्त त्या टंकलेखिकेचा आला. का एवढी सभ्य राहिलीस बाई? का म्हणालीस, आनंद झाला? चार शिव्या घातल्या असत्यास तर मी शिव्या देणाऱ्याला उत्तर द्यायला तरी परत आले असते. भांडायला कुणीही परत येतं. नम्रपणे विचारलेलं मात्र तसंच पडून राहतं, दाराशी ठेवलेल्या पत्रासारखं.

तिने शर्ट परत टांगला आणि टेबलाशी बसली. जुनी तक्रार उघडली. कारण लिहायच्या चौकटीत तिने आधी चार ओळी लिहिल्या. त्यांत 'त्या काळी' होतं, 'परिस्थिती पाहता' होतं. सगळं पुसलं. मग लिहिलं:

'चूक माझी. ओळ मी कधी लिहिलीच नव्हती. माझ्या घरात इंजिन आधीपासून पडलं होतं म्हणून माझ्याकडे चालत होतं. या बाईंनी चार वर्षांपूर्वी सांगितलं, मी ऐकलं नाही. तक्रार पुन्हा उघडते आहे.'

पाठवलं. समोरच्या मशीनचा सपाट आवाज तेच शब्द वाचताना ऐकू आला, आणि या वेळी तिने तो शेवटपर्यंत ऐकला.

दहा मिनिटांत उत्तरं यायला लागली. तिने पूर्वी रडवलेल्यांपैकी एकाने फक्त तिच्याच नियमाचं वाक्य चिकटवलं, खाली सही न करता. दुसऱ्याने लिहिलं, 'टाचणीचं टोक आज कुणाला लागलं?' ती दातओठ खात वाचत राहिली. एकाचंही खोडून काढलं नाही. मग काकांचा फोन.

"तक्रार बघितली."

"मग कुलूप काढा."

"काढलं." काका म्हणाले. "मी काल हसत होतो, ते या तक्रारीसाठी नव्हे. मला ही ठाऊक नव्हती."

"ठाऊक असती तर काय केलं असतं?"

"चार वर्षांपूर्वीच तुला झोडपलं असतं. आणि तू मला कोठीतून हाकललं असतंस." मग ते म्हणाले, "ओळ घाल. आणि तुझे बाकीचे एकशे शेहेचाळीस सांधेही कोऱ्या मशीनवर रांधून बघ. मीही माझ्या चिठ्ठ्या बघायला घेतो. मला घाम फुटलाय, खरं सांगतो."

शनिवारी दुपारी एकला ओळ आत गेली. रविवारी मशिनं पुसली गेली आणि पुन्हा उभी राहिली. सोमवारी दहाला दादाने दार उघडलं; टाचणी शाळेतून सुट्टी घेऊन मागे उभी होती. तंत्रज्ञाने एकेक मशीन सुरू केलं. पहिलं बोललं. दुसरं बोललं. सहाव्याला वेळ लागला, आणि मग तेही बोललं. दोन वाचक आले होते. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, आवाज जरा तुसडा आहे. दादा म्हणाला, "घरच्या माणसाचा आहे, सवय होईल."

तंत्रज्ञाकडे जाऊन टाचणी म्हणाली, "गुरुवारी फोनवर मी जे बोलले ते चुकलं."

"काय बोललात, मला आठवत नाही," तो म्हणाला. सभ्य माणसं अशीच असतात, माफीसुद्धा धड मागू देत नाहीत. तिला त्याचाही राग आला.

त्याआधी रविवारी तिने टंकलेखिकेला पत्र लिहिलं होतं, तक्रारीवरच्या जुन्या ईमेलवर. माफी लिहिली, ओळ आत गेली ते लिहिलं, घरी येऊन मशीन बसवून देते असंही लिहिलं. उत्तर पुढच्या गुरुवारी आलं. दादा शेजारी होता. मशीनने वाचलं:

'नमस्कार. पत्र मिळाले. दोष सापडला हे ऐकून बरे वाटले. मला वाटत होते माझेच काही चुकत असेल. मशीन मी तीन वर्षांपूर्वी देऊन टाकले. हे शेजारणीच्या मशीनवर टाइप करते आहे. आता तीच वाचून दाखवते, तिला सवड असेल तेव्हा. येण्याचे कष्ट घेऊ नयेत. नव्याने शिकण्याचे माझे वय राहिले नाही.'

दादाने हात पुढे करून मशीन बंद केलं.

पत्राखाली घरचा पत्ता होता. टाचणी गेली, कष्ट घेऊ नका म्हटलं तरी गेली. दार उघडलं नाही असं नाही. बाईंनी उघडलं, तिला बसवलं, पाणी दिलं, आणि मशीन नको म्हणाल्या. हसून नको म्हणाल्या. ती तीन जिने उतरून रस्त्यावर आली तेव्हा तिच्या मुठी आवळलेल्या होत्या, आणि भांडायला रस्त्यात कुणीही नव्हतं.

दालन चालू आहे. सांधे सगळे तपासून झाले. आणखी चारांत तोच दोष निघाला, काकांच्या चिठ्ठ्यांत अकरा. तुम्ही काही चिठ्ठ्या लिहीत नसाल. पण उद्या कुणीतरी दाराशी येऊन म्हणेल, माझ्याकडे होत नाही हो, आणि तुमच्या जिभेवर ते दोन शब्द आपसूक येतील, माझ्याकडे चालतं. त्या वेळी एवढं करा. दार लावण्याआधी त्या टंकलेखिकेची आठवण काढा. तिने कुणाला शाप दिला नाही. 'आनंद झाला' असं लिहिलं होतं तिने, न बघता, एकही अक्षर न चुकता.